नमस्कार घ्यायचा राहिला

“मग माझं चुकलं कुठे, ते तरी सांगा, मॅडम!”

डॉ. अद्वैत खांडगे वैतागला होता. मिरजेतला लहान मुलांच्या मेंदूविकारांचा दवाखाना टेंबेबाईंनी त्याच्या हाती सोपवून चार महिने झाले होते. तो शिकलाही त्यांच्याच हाताखाली. आज त्या पहिल्यांदा बघायला आल्या होत्या, आणि अर्धा तास झाला तरी तोंडातून ‘छान’ एवढासुद्धा शब्द निघत नव्हता.

“चुकलं असं मी कुठे म्हटलं?” बाई म्हणाल्या.

“काहीच म्हणत नाही, तेच तर!”

त्याचा वैताग अगदीच खोटा नव्हता. बाईंच्या वेळी लोक सकाळी नऊला यायचे आणि दुपारी तीनला सुटायचे. पोरं रडून झोपायची, झोपून उठायची, पुन्हा रडायची. कारण एकच. तपासून झालं, औषध लिहून झालं की बाई विचारायच्या, “आणखी काय?” आणि गप्प बसायच्या... समोरची आई काहीतरी बोलेपर्यंत. मग त्या आईला सासू आठवायची, नवस आठवायचा, बाळाला लागलेली दृष्ट आठवायची. बाहेर बाकड्यांवर बाप मंडळी दातओठ खात बसलेली.

अद्वैतने पहिल्याच आठवड्यात ते “आणखी काय?” बंद केलं.

“आता एका मुलाला आठ मिनिटं. वेळ फोनवर कळवतो. एकच्या आत दवाखाना रिकामा. आणि हे बघा.”

त्याने एक पेटी उघडून टेबलावर पालथी केली. पालकांनी लिहिलेल्या अभिप्रायांच्या चिठ्ठ्या.

“एक तक्रार नाही, मॅडम. एक!”

बाईंनी चष्मा लावला आणि चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. सावकाश... एकेक.

“सगळ्या वाचायची गरज नाही हो. टक्केवारी काढलीय मी.”

बाई वाचतच राहिल्या. अद्वैतने घड्याळ पाहिलं, पेन आपटलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. या बाईंना घाई म्हणून कशाची नाही!

एका चिठ्ठीपाशी बाई थांबल्या आणि ती त्यांनी मोठ्याने वाचली.

“‘डॉक्टर फार चांगले. अजिबात थांबावं लागलं नाही. आमच्या छकुलीनेही झोपेतून उठल्या उठल्या डॉक्टरांना वाकून पाच-सहा नमस्कार केले.’”

“तासगावचे माळी!” अद्वैत खुलला. “कालच आले होते. मान उशिरा धरली म्हणून. सहा मिनिटांत काम झालं. खूश होऊन गेले.”

“मुलगी केवढी?”

“सात महिन्यांची.”

“सात महिन्यांची...” बाई म्हणाल्या. “नमस्कार कोणी शिकवला?”

“आजीने शिकवला असेल.”

तो बोलून गेला, आणि थांबला.

“तू पाहिलास?”

“आई म्हणाली, बघा, नमस्कार करतेय. मी पुढच्या मुलाचा कागद उघडला होता... न बघताच हात जोडले.”

“आणखी काय म्हणाली?”

“मी विचारलं नाही.”

बाईंनी चिठ्ठी त्याच्याकडे सरकवली.

अद्वैतने ती पुन्हा वाचली. झोपेतून उठल्या उठल्या. लागोपाठ पाच-सहा. मान खाली, हात पुढे... तान्ह्या बाळाला फिटचे झटके असेही येतात, हे बाईंनी त्याला याच टेबलापाशी शिकवलं होतं. गेलेला एकेक दिवस मेंदूला महागात पडतो, हेही.

त्याने माळ्यांचा नंबर शोधला, फोन उचलला, आणि तसाच धरून ठेवला.

“मॅडम, ते समाधानी आहेत हो... त्यांना आता काय सांगू?”

“आजच घेऊन या म्हणावं,” बाई म्हणाल्या. “लेकीचा नमस्कार घ्यायचा राहिलाय.”