द्रेनोवारची अळणी भाकर

हर्झेगोविनाच्या डोंगरात एका खिंडीच्या माथ्यावर द्रेनोवार नावाचं वीस-बावीस दगडी घरांचं गाव आहे. गावात शिरताच एक जुना अक्रोड लागतो. त्याच्या फांद्यांना लोकरीचे दोर लटकलेले दिसतात. काही पावसानं काळे पडलेले, काही या वर्षीचे, अजून पांढरे. जवळ जाऊन पाहिलं तर बहुतेक दोरांना एकच गाठ आहे, अगदी टोकाशी. आणि या गावात कुणाच्याही घरी गेलात तरी भाकर येते ती अळणी. मीठ शेजारी वाटीत असतं. ते पाहुण्यानं स्वतःच्या हातानं घालायचं आणि पहिला तुकडा घरच्या बाईला द्यायचा, तो तिनं खाल्ला की मग सगळ्यांनी जेवायचं, अशी रीत.

आमच्या बेतात हे गाव म्हणजे एक ओळ होती. माझी लेक आसावरी शेजारच्या देशात, झाग्रेबला नोकरी करते. मी मिरजेहून गेले होते तेव्हा तिनं आठ दिवसांचा गाडीचा प्रवास आखला होता. रोज एक जुनं गाव, कुठं पूल, कुठं तटबंदी, किती वाजता निघायचं, कुठं जेवायचं, सगळं मोबाइलमध्ये तक्ता करून. चौथ्या दिवशी मोस्तारहून कोतोरला जाताना तिनं मुद्दाम डोंगरातला जुना रस्ता घेतला होता. तक्त्यात लिहिलं होतं, 'द्रेनोवार, अक्रोडाचं झाड, फोटो, पंधरा मिनिटं.'

"पंधरा मिनिटांत काय बघून होतं गं?" मी म्हटलं.

"आई, झाड आहे ते. झाडाला किती वेळ लागतो?"

झाडाखाली यागोदा आजी बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, डोक्याला काळा रुमाल. त्यांनी हाताला धरून घरात नेलं आणि भाकर पुढं ठेवली. आपल्या भाकरीहून जाड, गव्हाची, निखाऱ्याखाली भाजलेली. वास असा की भूक नसली तरी लागावी. झाग्रेबची आणि इथली भाषा जवळजवळ एकच, त्यामुळं आसावरीनं त्यांच्या भाषेत विचारून सांगितलं, "आई, यात मीठ नाहीये." मला तर हायसं वाटलं. रविवार होता, आणि रविवारी मी अळणी खाते. परमुलखात देवानंच सोय केली म्हणायची.

मग आजींनी मिठाची वाटी पुढं केली. मी हात जोडून नको म्हटलं. त्यांनी वाटी पुन्हा सरकवली. मी पुन्हा मान हलवली. तसा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वाटी उचलून मांडीत घेतली आणि खिडकीतून झाडाकडं पाहत बसल्या. माझं काहीतरी मोठं चुकलं होतं, एवढं भाषा न येताही कळलं.

आसावरीनं हळूच विचारलं तेव्हा आजींनी सांगायला सुरुवात केली. त्या सांगत होत्या आणि ती मला मराठीत सांगत होती.

फार जुनी गोष्ट, म्हणे. तेव्हा इथं गाव नव्हतं, नुसती खिंड होती. समुद्रकाठच्या मिठागरांतून मिठाचे तांडे घोड्यांवरून या वाटेनं वर येत. खिंडीच्या अलीकडं, खालच्या खोऱ्यातल्या एका वस्तीत स्तामेना नावाची विधवा राहत होती. तिची एकुलती एक लेक नेदा समुद्रकाठी दिलेली, सहा मुक्कामांवर. स्तामेनानं आयुष्यात खोरं सोडलेलं नव्हतं. पण तांड्यातल्या माणसांना विचारून विचारून तिनं ते सहाही मुक्काम पाठ केले होते. कुठं नदी आहे, कुठल्या सराईत दूध मिळतं, कुठं कुत्रं चावरं आहे, सगळं.

दर वर्षी शरद ऋतूत नेदा तांड्याबरोबर माहेरी येई. ती निघायच्या दिवशी स्तामेना लोकरीच्या दोराला सहा गाठी मारी आणि रोज संध्याकाळी एक सोडी. आज पोरगी नदीकाठी पोचली. आज सराईत जेवली. सहावी गाठ सुटली की लेक दारात. डोंगरात मीठ महाग, त्यामुळं आईच्या भाकरीत ते जेमतेमच असायचं. नेदा रुमालाच्या टोकाला मीठ बांधून आणी, भाकरीवर भुरभुरवी आणि म्हणे, "तुझी भाकर नेहमी अळणी, आई!" त्यावर आई म्हणे, "मग आणतेस कशाला गं एवढंसं? पोतं आण!" दोघी हसत, असं सांगतात.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नेदाला दिवस गेले होते. तसा निरोप आधीच आला होता. आईच्या जिवाला चैन नव्हतं. पाचव्या संध्याकाळी तिनं पाचवी गाठ सोडली, आणि दोर हातातून खाली ठेववेना. एक दिवस आधी आली तर काय बिघडणार आहे, असं मनाशी म्हणत तिनं सहावीही सोडून टाकली.

त्याच संध्याकाळी, म्हणे, हवा छान पाहून तांड्याच्या म्होरक्यानं खिंडीखालचा पाचवा मुक्काम गाळला आणि घोडे तसेच वर घेतले. माथ्यावर धुकं उतरलं. जड अंगाच्या नेदाला चालवेना. तांड्यातले दोघं तिला घेऊन मागं फिरले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे खोऱ्यात पोचले, ते तिच्याशिवाय. "उघडीप झाली की येईल," म्हणाले. पण त्या रात्रीच बर्फ पडलं आणि खिंड बंद झाली.

वसंतात बर्फ वितळलं, पण तांडा आला नाही. खिंडीत सात घोडे गमावल्यावर त्यांनी दुसऱ्या खोऱ्यातून नवी वाट काढली होती. जुन्या वाटेवर गवत उगवलं. माणूस नाही, निरोप नाही.

वस्तीतले म्हणाले, जे झालं ते हवेनं झालं. स्तामेना म्हणाली, "मुक्काम मी सोडला. आता तो मीच बांधीन." तिनं त्या दोराला पुन्हा एक गाठ मारली, शेवटची. पिठाचं पोतं, एक शेळी आणि पदरात चार अक्रोड घेऊन ती खिंडीच्या माथ्यावर चढली. दगडावर दगड रचून तिनं खोपटं उभं केलं, दारात अक्रोड पुरले. आणि पण केला, की नेदाच्या हातचं मीठ पडेपर्यंत माझी भाकर अळणी, आणि तोवर या दारात येणारा कुणी उपाशी जाणार नाही.

पण येणार कोण? ती रोज दोन भाकरी भाजी. एक स्वतःची, एक येणाऱ्याची. दिवस मावळला की दुसरी कुस्करून पाखरांना घाली. महिन्या-दोन महिन्यांनी खालच्या वस्तीतलं कुणी चुकार मेंढरू शोधत वर येई, तेवढाच माणसाचा आवाज. तेही टोमणा मारून जाई. "अगं, तांड्यांनीच हा रस्ता सोडला. तू कुणासाठी बसलीस?" ती म्हणे, "बस आधी. भाकर निवतेय." वारा सुटला की ती शेळीशी बोले. पुढं शेळीही मेली. चारांतला एक अक्रोड तेवढा रुजला. तो गुडघ्याएवढा झाला, खांद्याएवढा झाला, मग तिच्याहून उंच झाला, तेव्हा तिनं दोर त्याच्या फांदीला बांधला. झाडाला पहिली फळं धरली तेव्हा तिला वर येऊन सोळा वर्षं झाली होती.

त्या वर्षी एका दुपारी गवतातून एक मुलगी गाढव ओढत वर आली. पायांना फोड आलेले. स्तामेनानं विचारलं नाही कोण, कुठली. आधी भाकर पुढं ठेवली. मुलीनं एक घास खाल्ला, थांबली, डोक्याचा रुमाल सोडला आणि त्याच्या टोकाची गाठ उकलून भाकरीवर मीठ भुरभुरवलं.

म्हातारीचा हात तिथंच राहिला. "मीठ बरोबर बाळगायला कुणी शिकवलं तुला?"

"आईनं," मुलगी म्हणाली. "म्हणायची, आजीची भाकर अळणी असते. जाशील तेव्हा घेऊन जा."

ती नेदाची लेक, रूझा. बाळंतपणानंतर नेदा अंथरुणाला खिळली, ती पुन्हा प्रवासाला उठलीच नाही. पण पडल्या पडल्या तिनं लेकीला ते सहाही मुक्काम पाठ करायला लावले होते, नदी, सराई, चावऱ्या कुत्र्यासकट. रूझा निघाली त्याच्या आदल्या हिवाळ्यात नेदा वारली. सगळे रूझाला सांगत होते, नव्या वाटेनं जा, जुन्या वाटेवर आता कुणी नाही. तिला आईनं जुनीच वाट शिकवली होती, म्हणून ती जुन्याच वाटेनं आली.

स्तामेनानं तिला झाडापाशी नेलं आणि दोर दाखवला. सोळा वर्षांत गाठ दगडासारखी झाली होती. रूझानं सुरी मागितली. म्हातारीनं दिली नाही. मग मुलीनं गाठ रात्रभर पाण्यात भिजत घातली आणि सकाळपासून बोटांनी, दातांनी सोडवत बसली. दुपारी ती सुटली. तेव्हा कुठं स्तामेनानं मिठाच्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "खारट केलीस."

तिचं पुढं फारसं काही सांगत नाहीत. रूझा तिथंच राहिली, तिचा संसार झाला, घरं वाढली, आणि खिंडीचं गाव झालं. रूझानं नियम घातला, की वाट पाहणाऱ्या घरच्यांनी रोज एक गाठ सोडावी, पण शेवटची सोडू नये. ती आलेल्याची. आणि भाकरीतलं मीठही आलेल्याचंच.

एवढं सांगून यागोदा आजी थांबल्या. मग बोट दाखवून म्हणाल्या, तो खालच्या फांदीवरचा काळा दोर माझा. मुलगा मार्को ऑस्ट्रेलियात आहे. अकरा वर्षं झाली, गाठ एकच राहिली आहे. इथं असं मानतात, की ज्याचं माणूस दूर आहे त्याच्या घरी पाहुण्यानं मीठ नाकारलं, तर ते माणूस आता येत नाही.

मी आसावरीला म्हटलं, "सांग त्यांना. तुमचा अपमान नाही केला. माझं व्रत आहे. माझी लेक परदेशी गेली त्या वर्षापासून, ती सुखरूप राहावी आणि कधीतरी घरी यावी म्हणून, रविवारी मी मीठ खात नाही. सोमवारी सूर्य उगवला की सुटतं."

आसावरी सांगायला लागली आणि मध्येच थांबली. उपास तिला ठाऊक होता. कशासाठी ते मी कधी बोलले नव्हते. मिरजेत आता मी आणि हे, दोघंच असतो, सांगणार तरी कधी?

"सहा वर्षं?" तिनं मराठीत विचारलं.

"तू आजींना सांग आधी."

तिनं सांगितलं. आजी माझ्याकडं पाहत उठल्या, माझी भाकर कापडात गुंडाळली आणि फळीवर ठेवली. "स्तामेना सोळा वर्षं थांबली," त्या म्हणाल्या. "माझी भाकर एक रात्र थांबेल. पण तुम्ही थांबाल का?"

कोतोरची खोली आधीच घेतलेली होती. संध्याकाळी तिथल्या तटावर चढायचं, सूर्यास्त पाहायचा, सगळं ठरलेलं. आसावरीनं मोबाइल काढला, तक्ता उघडला. बोट थोडा वेळ त्या ओळीवर राहिलं. मग तिनं कोतोर खोडलं आणि द्रेनोवारपुढचं 'पंधरा मिनिटं'ही खोडलं.

"पुढच्या खेपेला बघू कोतोर," ती म्हणाली.

सकाळी डोंगरावर ऊन आल्यावर मी आंघोळ करून सूर्याला हात जोडले. आजी वाटी घेऊन उभ्याच होत्या. मी शिळ्या भाकरीवर मीठ घातलं आणि पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी डोळे मिटून खाल्ला. मग आसावरीला म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, खारट केलीस." आणि तोंडाला रुमाल लावून हसल्या.

निघताना त्यांनी विचारलं, अजून किती मुक्काम? चार उरले होते. त्यांनी पांढऱ्या दोराला पाच गाठी मारल्या. "चार मी सोडीन, रोज संध्याकाळी. पाचवी इथं परत येण्याची."

"आणि नाही आलो तर?" आसावरीनं विचारलं.

"तर ती गाठ इथं असेल," आजी म्हणाल्या.

मिरजेला परतल्यावर मीही देवघराच्या खुंटीला एक दोर बांधला. झाग्रेब, मुंबई, पुणे, मिरज. तीन गाठी मी सोडायच्या, एक तिची. अनंताच्या दोऱ्याला चौदा गाठी असतात, त्या मी वर्षानुवर्षं हळदीकुंकू वाहून पूजत आले. एका गाठीला एवढी वाट पाहता येते, हे मला त्या डोंगरात कळलं. तिनं तिकीट काढल्याचं कळवलं की पहिली सोडेन. तोवर रविवार आहेतच.

आणि आजही द्रेनोवारला भाकर अळणीच भाजतात. आजही संध्याकाळ झाली की घराघरांतून कुणी ना कुणी अक्रोडाखाली येतं, एखादी गाठ सोडतं आणि शेवटच्या गाठीवरून नुसता हात फिरवून परत जातं. खालच्या फांदीवर मार्कोचा दोर आहे. त्याला लागूनच आमचा.