राजाचा विणलेला हात

लांब तिकडे फ्लँडर्सच्या मुलखात एक राजा होता, ओडो त्याचं नाव. महाल दगडाचा, आणि थंडी अशी की भिंतींनाही हुडहुडी भरायची. मग तिकडचे लोक काय करायचे? भिंतींना पांघरूण घालायचे. हसू नका, खरंच! लोकरीचं, हे एवढं मोठं, आणि त्यात चित्रं विणलेली. टॅपेस्ट्री म्हणतात त्याला.

शेजारी दुसरा राजा होता, म्हातारा रेनियर. नदीवर पाणचक्की एकच, आणि दोघंही म्हणायचे, "आधी माझं पीठ." ओडोनं ठरवलं, याला मेजवानीला बोलवायचं, सगळ्यांदेखत अपमान करायचा आणि वसंत लागला की लढाई. त्यासाठी त्यानं चित्रकाराला सांगितलं, "मला काढ. उजव्या हातात तलवार, टोक जमिनीत रोवलेलं. डावा हात पुढे, चालता हो म्हणणारा." आणि विणायला बोलावलं लिस्बेत नावाच्या विणकरणीला. विणून व्हायला तीन वर्षं, मेजवानी त्यानंतर.

लिस्बेतचा माग तिच्या आईचा होता, आईच्या आईचा होता. त्या मागाशिवाय तिला दुसरं कुणी नव्हतं. राजा म्हणाला, "बाई, चित्र चुकलं, तर तुझा माग माझ्या शेकोटीत."

आता त्यांची रीत ऐका, बरं का. चित्राच्या कागदाच्या पट्ट्या कापायच्या. एक पट्टी ताणलेल्या धाग्यांखाली ठेवायची आणि वरून विणत जायचं. विणकराला दिसते ती पाठ, चित्राचं तोंड खाली. विणून झालं की गुंडाळायचं. पुरं होईपर्यंत कुणी काही पाहत नाही. तोंड खाली असल्यामुळे सगळं उलटं उतरतं, डावं ते उजवं होतं. म्हणून जाणता चित्रकार मुद्दाम उलटंच काढतो. कागद सरळ की उलटा, हे विणकर कधी विचारत नाही. विचारणं म्हणजे चित्रकाराचा अपमान.

पण हा चित्रकार होता नवा. त्यानं काढलं सरळ.

पहिल्या वर्षी लिस्बेतनं गवत विणलं, फुलं विणली, एक ससा विणला. शेपटीचा शेवटचा धागा ओढला, तर खालून आवाज आला, "मावशी, मी भलतीकडे पळतोय."

"ससा इकडे पळाला काय नि तिकडे काय," लिस्बेत म्हणाली. आणि तिनं त्याला गुंडाळून टाकलं.

दुसऱ्या वर्षी घोडा झाला. मंजिष्ठेच्या मुळांत रंगवलेला, लालबुंद. तो फुरफुरला, "बाई, माझा पुढचा पाय भलताच उचललाय!"

"चार आहेत ना? मग झालं," लिस्बेत म्हणाली. घोडाही गुंडाळला.

मग तिसऱ्या वर्षी राजा विणला. दाढी झाली, मुकुट झाला, दोन्ही हात झाले. मेजवानीला आठ दिवस उरले होते. आणि धाग्यांखालून कुणी खाकरलं.

"अहो बाई, तलवार डाव्या हातात आली की!"

लिस्बेतच्या हातातली लोकरीची फिरकी खाली पडली. तिनं लहानसा आरसा घेतला, धाग्यांखाली सरकवला आणि पाहिलं. खरंच की! आरशात तलवार उजव्या हातात, म्हणजे खरी डाव्या हातात, आणि मोकळा उजवा हात पुढे, जणू हातात हात घ्यायला. वर्षभराचं काम आठ दिवसांत उसवून पुन्हा कसं विणणार? तिनं मागाच्या लाकडावर हात ठेवला. आईच्या कोपरांनी ते गुळगुळीत झालेलं होतं.

"महाराज, हात दुखतोय का?" तिनं विचारलं.

"नाही हो," विणलेला राजा म्हणाला. "उलट बरं वाटतंय. चांगला हात मोकळा झालाय. इतकी वर्षं तलवार धरून अवघडला होता."

 लिस्बेतनं उसवायला घेतलेली कात्री ठेवून दिली. पुढच्या आठ दिवसांत तिनं काय केलं? त्या पुढे आलेल्या हातावर मऊ लोकरीचा एक एक धागा चेपून बसवला. बस, एवढंच.

मेजवानी आली. चित्र मागावरून कापलं, भिंतीवर चढवलं.  मग राजा ओडो बिटासारखा लाल झाला.

"तलवार डाव्या हातात? हे कुणाचं काम?"

चित्रकार खांबामागे लपला. लिस्बेत पुढे आली.

"माझं, महाराज. कागद सरळ होता. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही."

"आणा तो माग! शेकोटीत घाला!"

चार शिपाई माग उचलून घेऊन आले. तेवढ्यात कोपऱ्यातून म्हातारा रेनियर काठी टेकत टेकत आला आणि चित्रासमोर उभा राहिला.

"थांबा हो," तो म्हणाला. "चूक असेल. पण तीस वर्षांत तुमचा उजवा हात मोकळा आजच पाहिला. धरू का?"

आणि त्यानं आपला सुरकुतलेला हात त्या लोकरीच्या हाताला लावला. मग काय झालं ठाऊक आहे? विणलेली बोटं मिटली! हळूच, त्याच्या हाताभोवती.

"ऊब आहे हो याला," रेनियर म्हणाला.

सगळा दरबार पाहत होता. राजा ओडोनं भिंतीकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. भिंतीवरच्या ओडोनं हात दिला होता, मग खालच्यानं काय करायचं? त्यानं उजव्या हातातली तलवार डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला.

"माग ठेवा खाली," तो शिपायांना म्हणाला. "आणि जपून. पाय मोडेल त्याचा."

लढाई राहून गेली. चक्की तीन दिवस इकडची, तीन दिवस तिकडची, सातव्या दिवशी तिला सुट्टी. राजा तलवार उजव्या कमरेला लटकवू लागला, म्हणजे ती डाव्या हाताला यावी. मग दरबारी म्हणाले हीच नवी रीत, आणि सगळे धडपडत तसंच करू लागले. चित्रकाराला लिस्बेतच्या मागाशेजारी वर्षभर बसवलं, लोकर गुंडाळायला. पुढे तो फार चांगलं काढू लागला, सगळं उलटं.

लिस्बेत आपल्या आईच्या मागावर विणत राहिली, म्हातारी होईपर्यंत. नवी पट्टी आली की आधी विचारायची, "सरळ आहे की उलटी?" आणि मागावरच्या एखाद्या सशानं हाक मारली, की ऐकायची.

चला, आता गोधडी ओढा पाहू अंगावर. उलटी असली तरी असू दे, ऊब तेवढीच. सुलटी बाजू कुठली, ते सकाळी बघू.