पहिलं पाणी

फार पूर्वी एका कुंभारवाड्यात रोगाची साथ आली. बाजार बंद झाले आणि भट्टी वर्षभर थंड राहिली. साथ ओसरल्यावर भट्टी म्हणाली, “तळ्याकाठचे करंज तोडा. पोरं उपाशी आहेत.”

“करंजांच्या सावलीनं तळं टिकतं,” चाक म्हणालं. “वाळल्या काटक्यांवर थोडेच माठ भाजा.”

“पोरांचं पोट भरू दे, मग झाडं लावू,” ठकू कुंभारीण म्हणाली.

करंज तुटले, पोरं जेवली. झाडं लावायची तेवढी राहून गेली.

नव्या माठातलं पहिलं पाणी करंजाच्या मुळाशी ओतायची तिथली रीत होती. तिसऱ्या उन्हाळ्यात तळ्याच्या उरल्यासुरल्या चिखलाचे माठ भाजून निघाले. त्यातला एक उचलून ठकू सवयीनं तळ्यावर गेली आणि कोरडाच घेऊन परत आली.

“आता यात काय भरू?” तिनं विचारलं.

भट्टी अजून गरम होती.