दुसरं दार

जुने संगणक भंगारात गेले आणि त्यांचे खेळ नव्या संगणकात, जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एम्युलेटरच्या आश्रयाला आले, त्या काळातली ही गोष्ट.

एका खेळात एक चिमुकला वाटसरू दरीकडे धावत निघाला होता. त्याचा शेवटचा जीव उरला होता, आणि त्याला उडी मारायला सांगणारं कुणीतरी हवं होतं. एम्युलेटरच्या घराला बटणांचे हुकूम खेळापर्यंत पोचवणारी दोन दारं होती. पहिल्या दारात बारा बटणांचा नवा गेमपॅड ऐटीत बसला होता, दुसऱ्या दारात एकाच बटणाची जुनी जॉयस्टिक.

"बाळा, माझं बटण निकामी झालंय," जॉयस्टिक म्हणाली. "तू इकडे ये. हा खेळ दुसऱ्याच दाराचं ऐकतो."

"खरंय तिचं," एम्युलेटर म्हणाला. "तू नुसतं हो म्हण, मी जागा बदलून देतो."

"दुसऱ्या दारात? मी?" गेमपॅड फणकारला. "माझी जागा पहिलीच."

दरी आली. गेमपॅडनं बाराही बटणं दाबली. वाटसरू तसाच धावत राहिला आणि दरीत कोसळला. पडदा काळा झाला.

"मी दाबलं होतं गं," गेमपॅड पुटपुटला. "सगळं दाबलं होतं."

"दाबलंस रे," जॉयस्टिक म्हणाली. "पण तो शेवटपर्यंत माझ्याच दाराकडे कान लावून होता."