उतारावरची किल्ली

"पण अप्पा, यात माझं काय चुकलं?"

शिवगोंडानं हे विचारलं तेव्हा त्याच्या हातात पत्र्याचा एक चपटा डबा होता. झाकण उघडलेलं, आत हिरवट काहीतरी चढलेलं.

शांतलिंग अप्पा मठाच्या ओट्यावर जोंधळे निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हे काय आहे?"

"व्हॅनचा ईसीएम. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं हा ठरवतो. पाणी शिरून सडला होता. तापला की मध्येच बंद पडायचा, निवला की पुन्हा चालू. काढून नवा बसवला. नव्याला जुनी किल्ली ओळखू येईना, तीही ओळखायला शिकवलं. आता गाडी काही त्रास देणार नाही."

"कधीपासून सडला होता?"

"... पावसाळ्यापासून असेल."

"म्हणजे दादू होता तेव्हा."

शिवगोंडानं डब्याचं झाकण लावलं.

दादू मोरबाळे हा मठाच्या गाडीचा ड्रायव्हर. अप्पांची दाढी काळी होती तेव्हापासूनचा. गडावरच्या मठात राहून शिकणाऱ्या मुलांना तो रोज खाली गावच्या शाळेत सोडायचा. पावसाळ्यानंतर तो सारखा सांगू लागला होता, गाडी चालता चालता आपोआप गप होतीय. कुणी मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी शाळेला जाताना मोठ्या उतारावर, गाडी मुलांनी भरलेली असताना, इंजिन बंद पडलं. इंजिनाबरोबर ब्रेकचाही जोर गेला. दादूनं गाडी कडेच्या मातीच्या दरडीत घातली म्हणून ती थांबली. एका मुलीच्या कपाळाला खोक पडली. बाकी सगळे वाचले.

संध्याकाळी आसपासच्या गावांतले पालक मठाच्या अंगणात जमले. शिवगोंडा तेव्हा मठात नवा होता. पुण्यातली गाड्यांच्या कंपनीतली नोकरी सोडून अप्पांपाशी आला होता. नोकरी सोडली तरी तिचा ताठा काही सुटला नव्हता. त्यानं गाडीला बिघाड शोधणारा स्कॅनर लावला, त्याचा पडदा सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, गाडीत दोष नाही. जुन्या ड्रायव्हरांना सवय असते. उतार लागला की हात आपोआप किल्लीकडे जातो. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करतात.

दादू नाही नाही म्हणत राहिला. मग त्यानं किल्ली अप्पांच्या पायाशी ठेवली आणि घरी गेला. पालकांनी जीपची सोय केली. त्यानंतर व्हॅन शेडमध्येच उभी होती. परवा शिवगोंडानं सहज चालू करून ठेवली, तर स्टेअरिंगवर कुणी नसताना ती बंद पडली.

"मी स्कॅनर लावला होता, अप्पा," तो आता म्हणाला. "सगळ्यांच्या समोर. एकही दोष दिसला नाही."

"स्कॅनर कुणाला विचारतो?"

"ईसीएमला. दोष झाला की त्याची नोंद तोच ठेवतो."

"ह्याला?"

अप्पांनी पहिल्यांदा त्या डब्याकडे पाहिलं.

"... हो. ह्यालाच."

"आणि दादूला?"

अप्पांनी सूप बाजूला ठेवलं, हात झटकले.

"चल. तुझी गाडी बघू."

गाडी खरोखर छान चालली. अप्पा नेहमीसारखे पुढे, डाव्या बाजूला बसले होते. शिवगोंडाला बरं वाटू लागलं. मोठा उतार आला. दरडीत अजून चाकाचा ओरखडा दिसत होता. उतार संपत आला, पुढे सपाट माळ दिसू लागला. अप्पांनी वाकून पुढे पाहिलं, मागे वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता.

मग त्यांनी शिवगोंडाच्या पुढून हात घातला आणि किल्ली एक खाच मागे फिरवली.

इंजिन गेलं.

आधी शिवगोंडाला कळलंच नाही. आवाज थांबला एवढंच कळलं. त्यानं ब्रेक दाबला. लागला. पुन्हा दाबला, थोडासा लागला. तिसऱ्यांदा दाबला तर पायाखाली दगड. स्टेअरिंग ओढलं तर ते चिखलात रुतल्यासारखं जड. गाडी मात्र चाललीच होती, वाऱ्याचा आवाज करत. दोन्ही पाय ब्रेकवर रोवून तो अर्धा उभा राहिला होता.

माळावर आल्यावर गाडी हळूहळू मंदावली आणि थांबली.

शिवगोंडानं ब्रेकवरचे पाय काढले नाहीत. अप्पा समोर बघत होते.

"हँडब्रेक का नाही ओढलास?"

हाच प्रश्न त्यानं अंगणात दादूला विचारला होता. सगळ्यांच्या देखत.

"... सुचलं नाही."

"हं."

कुठूनतरी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. शिवगोंडाच्या डोळ्यांपुढे मागच्या सीटवरची मुलं येत होती. मागे तर आज कुणी नव्हतं.

"दादूमामांचं घर इथून जवळ आहे ना?" त्यानं शेवटी विचारलं.

अप्पांनी नुसता हात केला. पुढे.

दादू ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवलेला. अप्पांना पाहून तो उठला, वाकला, नमस्कारही डाव्या हातानंच केला आणि परत तसाच बसला.

शिवगोंडानं डबा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"दादूमामा, दोष ह्याचा होता. तुमचा नव्हता. मला कळलं नव्हतं, आणि कळल्यासारखा मी बोललो. मला माफ करा."

दादूनं डब्याकडे पाहिलं.

"आसंल."

"असेल नव्हे, आहे. मी आत बघितलंय. गाडी आपोआपच बंद पडत होती. तुम्ही सांगत होता तशीच."

"व्हय... पर त्या दिशी किल्ली मीच फिरवली."

शिवगोंडाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तुम्ही तर तेव्हा नाही म्हणत होता."

"तवा ध्यानात न्हवतं. मागनं इचार करून करून आलं ध्यानात. तरणा हुतो तवा ट्रकवर तसं करायचो की. उतार लागला. हात आपोआप गेला किल्लीकडं. प्याट्रोल वाचवायला." दादू अगदी शांतपणे सांगत होता. "आता डोळं मिटलं की सपष्ट दिसतंय. हात जातोय. किल्ली फिरतीय. पोरं वरडत्यात."

हात आपोआप किल्लीकडे जातो. पेट्रोल वाचवायला. शब्द त्याचेच होते.

"मामा, ते तुम्ही बघितलं नाही. ते मी बोललो होतो. अंदाजानं बोललो होतो."

"तुमी बोलला. पर दिसतंय मला."

"तसं झालंच नाही!"

"तुमी शिकल्याली मानसं," दादू समजूत घातल्यासारखं म्हणाला. "वाईट वाटलं आसंल, म्हणून आला. लई केलं. पर ह्या हाताचा भरवसा न्हाई. घराचं कुलूपबी मी लावत न्हाई आता."

आणि त्यानं उजव्या हातावर मांडी आणखी दाबली.

शिवगोंडा मटकन पायरीवर बसला. डबा त्याच्या हाताशी पडला होता. तसा दुसरा बाजारात मिळाला होता, अर्ध्या दिवसात बसला होता. तो अप्पांकडे वळला.

"अप्पा, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

अप्पांनी गाडीची किल्ली शिवगोंडाच्या हातातून घेतली आणि ओसरीवर, दादूपासून हातभर अंतरावर ठेवली.

दादू अंग चोरून बाजूला सरकला.

अप्पा वळले, अंगण ओलांडून गाडीपाशी गेले, नेहमीच्या डाव्या सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं. ड्रायव्हरची जागा रिकामी.

शिवगोंडा त्यांच्यामागं धावला.

"अप्पा, ते किल्लीकडे बघतसुद्धा नाहीत. गाडी कोण चालवणार?"

"दादू."

"आणि नाही आले तर?"

अप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

"... अप्पा, मी काय करू?"

"मुलं बसायची तिथं बस."