बँकेचा बोजा

कुठल्याशा गावात निवृत्ती नावाचा एक भोळा कासार राहायचा. होतं नव्हतं ते सगळं रोख मोजून त्याने घर विकत घेतलं. घर झकास, पण बांगड्यांच्या दुकानात मालाच्या नावाने ठणठणाट. आणि लग्नसराई तर तोंडावर आलेली!

त्याची बायको चंद्रकला म्हणाली, "अहो, आपले सगळे पैसे घरात अडकलेत. ते मोकळे करा. नाहीतर यंदा नवऱ्या मुली हिरवा चुडा भरायला दुसरीकडे जातील."

निवृत्तीने पहार घेतली आणि स्वयंपाकघराची भिंत फोडली. आत नुसत्या विटा.

"कर्म माझं!" चंद्रकला ओरडली. "फोडाफोडी नाही करायची. घर बँकेत ठेवायचं आणि पैसे आणायचे."

"मग तसं सांगावं की!"

त्याने पुढचा दरवाजा अलगद काढला, डोक्यावर घेतला आणि बँकेत नेऊन ठेवला. कुठे साधा ओरखडा नाही.

"साहेब, एवढं ठेवून घ्या. बाकीचं घर दुसऱ्या खेपेला आणतो."

साहेब हसून हसून बेजार झाले. "अहो, घर जागेवरच राहू द्या. नुसते घराचे कागद आणा."

निवृत्तीने फडताळात अंथरलेली वर्तमानपत्रं, भिंतीवरचं कॅलेंडर, गच्चीवर पडलेला पतंग, सगळं गोणीत भरून नेलं. खरेदीखत तेवढं नेलं नाही. ते पेटीत होतं, म्हणजे तो पेटीचा कागद.

शेवटी चंद्रकलाच खरेदीखत घेऊन त्याच्याबरोबर बँकेत गेली. साहेबांनी दोघांना बसवून समजावलं, "तुमच्या घरावर आता बँकेचा बोजा चढेल. बोजा चढला की पैसे. वीस वर्षांत फेडायचे. कर्ज फिटेपर्यंत बोजा काही उतरत नाही. उद्या मी घर बघायला येतो."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. अंगाने चांगलेच भरदार. निवृत्तीने त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि तो हरखूनच गेला. बँकेचा बोजा आपल्या पायांनी चालत आला होता!

"आधी गच्ची बघा, साहेब." गच्चीला जिना नव्हता, म्हणून त्याने शिडी लावली. साहेब धापा टाकत वर चढले. निवृत्तीने शिडी काढून घेतली.

"अहो, हे काय? मला खाली उतरवा!"

"कसं उतरवू, साहेब? कर्ज कुठे फिटलंय?"

"अहो, मी उतरल्याशिवाय कर्ज देणार कोण?"

"आणि दिल्याशिवाय फेडणार कोण? फेडल्याशिवाय उतरवणार कोण?"

 तेवढ्यात चंद्रकला चहा घेऊन बाहेर आली. "साहेब कुठे गेले हो?"

"वर आहेत," निवृत्ती खुशीत म्हणाला. "चहाचं नंतर बघ. आधी गादी आण. वीस वर्षांचा मुक्काम आहे त्यांचा!"