डार्करूममधली बोटं

“मग फिल्म राखाडी का येते, चाचा?” डॉ. शिरीष उपळेकरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

दाताच्या एक्स-रेची ती इवलीशी फिल्म दस्तगीरचाचांनी खिडकीकडे धरली, डोळे बारीक करून पाहिली आणि परत टेबलावर ठेवली.

चाचांनी चाळीस वर्षं मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात फिल्मा धुतल्या होत्या. आता रिटायर होऊन विट्यात लेकीकडे राहत होते. त्यांना बोलावणं डॉक्टरांच्या अगदी जिवावर आलं होतं. डॉक्टर म्हणजे युनिव्हर्सिटीचं गोल्ड मेडल, आणि हा म्हातारा सातवी पास. पण दसऱ्यापासून एक फिल्म धड येईना, तेव्हा नाक मुठीत धरून निरोप धाडला होता.

“कंपनी बदलली. डेव्हलपर बदलला. मशीनवाल्याला सांगलीहून आणला. फिल्म जास्त वेळ बुडवून पाहिली,” डॉक्टर तक्रारीच्या सुरात म्हणाले. “दोष माझ्याकडे नाही, एवढं नक्की.”

“भाईर कोण बसलंय?”

“ती? सोनाबाई लोहार. तिसऱ्यांदा आलीय. दात दुखतो म्हणते. दोनदा फिल्म काढली, काही नाही त्यात. मनाचं दुखणं असतं काहींचं.”

दार उघडंच होतं. बाकावर बसलेली सोनाबाई उठली आणि दाराशी आली. गालावरून डोक्याभोवती फडकं बांधलेलं होतं.

“डॉक्टर, तुम्ही काय न्हाई म्हणला, ते मालकांनी घरात समद्यास्नी सांगितलं. आता भाता वढताना कळ आली की जाऊ म्हणती, सोंग करतीया. तीन महिनं झालं.” ती थांबली. “खरं सांगा... मी येडी झालीया का?”

“तसं नव्हे हो, बाई...”

सोनाबाई जराशी वाट बघून परत बाकावर जाऊन बसली.

चाचा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “डार्करूम दावा.”

वेटिंगच्या कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन घालून केलेली ती खोली कपाटापेक्षा जरा मोठी होती. भिंतीला लागून टेबल, टेबलावर तीन डबे: डेव्हलपर, पाणी, फिक्सर. वर लाल दिवा. दाराला काळा पडदा, फटींना रबर. डॉक्टरांना या खोलीचा कोण अभिमान! पाहुण्यांनासुद्धा ते ती आवर्जून दाखवत.

“ह्यो लाल दिवा घालवून कधी हितं हुबं ऱ्हायलाय?” चाचांनी विचारलं.

“कशाला? काम तर दिव्यातच करायचं.”

“घालवा.”

डॉक्टरांनी हसून बटण दाबलं.

...

“काय दिसतंय?” काळोखातून चाचांचा आवाज आला.

“काहीही नाही. ठार अंधार आहे. सांगत होतो तेच.”

“माझी बोटं किती?”

“कसली बोटं? डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही इथे!”

“बरं.”

डॉक्टरांना वाटलं, झाली परीक्षा. त्यांनी पडद्याकडे हात नेला.

“थांबा,” चाचा म्हणाले.

“किती वेळ?”



...

डॉक्टर उभे राहिले. या पाय बदलून त्या पायावर. रसायनांचा आंबट वास नाकात बसला होता. म्हातारा भलताच चक्रम निघाला, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. दोन मिनिटं झाली असतील, नाहीतर पाच. काळोखात काही कळत नाही.

मग प्लायवूडच्या पलीकडून एक आवाज आला.

बारीक, दाबलेला. “आई... आई गं...”

आपलं कण्हणं कोणाला ऐकू जात नाही, अशा समजुतीने सोनाबाई कण्हत होती. डॉक्टर समोर आले की ती गप्प बसायची. हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. इथून पळावं असं त्यांना वाटलं, पण म्हाताऱ्याच्या देखत पळणार कुठे?

...

“बोटं किती?” चाचांनी पुन्हा विचारलं.

“तीन,” डॉक्टर म्हणाले.

म्हणाले आणि जागच्या जागी गोठले.

तीन. टेबलाच्या वर, डेव्हलपरच्या डब्यापाशी, चाचांची तीन बोटं स्पष्ट दिसत होती. बोटंच काय, डब्याची कड दिसत होती, भिंतीवरच्या घड्याळाची पांढरी तबकडी दिसत होती, चाचांची दाढी दिसत होती. त्यांच्या ठार अंधाऱ्या खोलीत त्यांना दिसत होतं!

“नाही...” डॉक्टर पुटपुटले. “हे कसं शक्य आहे?”

चाचांनी बोट त्यांच्या खांद्यावरून मागे दाखवलं.

डॉक्टर वळले. पार्टिशनमध्ये, पार डोक्याच्या वर, एक भोक होतं. पलीकडच्या ट्यूबलाइटचा उजेड त्यातून आत येत होता, आणि सरळ टेबलावर, नेमका फिल्म उघडायच्या जागी, पडत होता. तिथे उभं राहिलं की त्यांची पाठ भोकाकडे असे, आणि वर लाल दिवा. त्या दिव्यात हा उजेड त्यांना कधी कळलाच नव्हता.

खिळ्याचं भोक. चांगल्या तीन इंची खिळ्याचं.

तो खिळा त्यांनीच ठोकला होता. त्यावर पलीकडच्या बाजूला गोल्ड मेडलच्या सर्टिफिकेटची फ्रेम होती. बाकावरच्या लोकांना ती नीट दिसत नाही म्हणून दसऱ्याला त्यांनी ती काढली आणि केबिनमध्ये स्वतःच्या खुर्चीमागे लावली. खिळाही स्वतःच्या हाताने उपटला होता.

दसऱ्यापासून किती फिल्मा या उजेडात उघडल्या? किती माणसांना छातीठोकपणे सांगितलं, काही नाही, घरी जा?

“चाचा...”

चाचांनी टेबलावर पडलेला, फिल्मच्या पाकिटातला काळा कागद उचलला, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि टाचा उंचावून भोकात कोंबली. काळोख एकदम अंगावर आला.

“बोटं किती?”

डॉक्टरांनी डोळे ताणले. कितीतरी वेळ ताणले.

“नाही दिसत,” ते म्हणाले.

“आता बाईंची फिल्म काढा.”

फिल्म काढली. सोनाबाईने मुकाट्याने आ केला. तिसऱ्यांदा तिला काही आशा उरली नव्हती. डॉक्टर फिल्म घेऊन आत आले. लाल दिव्यात त्यांनी पाकीट उघडलं, फिल्म चिमट्याला लावली, डब्यात सोडली. दोनच मिनिटांनी ती उचलून बघायला सवयीने हात पुढे गेला.

चाचांनी तो हात नुसता धरला. घड्याळाची पाच मिनिटं होईपर्यंत सोडला नाही.

पाणी. मग फिक्सर. मग पुन्हा पाणी.

बाहेर येऊन डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. काळं काळं होतं, पांढरं पांढरं होतं. खालच्या दाढेच्या मुळाच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तो दिसला असता.

“गळू आहे,” ते कसेबसे म्हणाले. “मुळाशी गळू आहे. तीन महिने ही बाई... आणि मी तिला...”

बाकावरून सोनाबाई त्यांच्याकडेच बघत होती. तिचा मघाचा प्रश्न अजून तसाच होता.

डॉक्टरांनी फिल्म चाचांच्या पुढे केली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत. “चाचा, माझ्याच्यानं नाही होणार. फिल्म वाळली की तुम्हीच दाखवा तिला. तुम्हीच सांगा.”

चाचांनी फिल्म घेतली नाही. चिमट्याचं टोक डॉक्टरांच्याच मुठीत घट्ट दाबलं. फरशीवर पाण्याचे थेंब पडत होते.

“ओली हाय अजून,” चाचा म्हणाले. “वाळेस्तोवर बाईंजवळ बसा.”